डायवरचा कागद

जर्मनीत गाडी बाळगणाऱ्याने गाडीत काय काय ठेवायचं असतं ते आधी सांगून टाकतो. चालवायचा परवाना, गाडीची नोंदणी, विम्याचा कागद, मलमपट्टीची पेटी, आणि गाडी रस्त्यात बसली तर मागे उभा करायचा लाल त्रिकोण. तीच गाडी परमुलखात न्यायची तर वर आणखी एक पुस्तिका लागते, कार्ने (गाडीचं पारपत्र म्हणा). हा सगळा बारदाना घेऊन माझ्या जुन्या, कासवासारख्या गाडीतून मी इराणपर्यंत रस्त्याने आलो आणि तिथून गाडीसकट बोटीने मुंबईला उतरलो. महाराष्ट्र होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती आणि मला घर सोडून आठ.

बाबांना पत्रात एवढंच लिहिलं होतं, 'गाडी घेऊन घरी येतो.' किती दिवसांसाठी, ते लिहायला बसलं की हात अडायचा. म्हटलं, समोर बसून सांगू. आमच्यासारखे भित्रे लोक सगळं समोर बसून सांगायचं ठरवतात.

जालना सोडलं आणि काळी रानं सुरू झाली. कपाशी फुटली होती. काच खाली करून मी नुसता वास घेत राहिलो. आठ वर्षं या वासासाठी जीव तुटत होता, हे तेव्हा कुठे कळलं. देऊळगाव राजाला चहा घेतला आणि बालाजीला रस्त्यावरूनच हात जोडले.

चहावाल्याला ते काही पटलं नाही. "एवढ्या दुरून आले, अन् देवाले बाहेरूनच काऊन?"

"परत जाताना येईन दर्शनाला," मी म्हणालो.

जे बाबांना लिहवलं नाही, ते चहावाल्याला सहज सांगून बसलो. पुढचे दोन मैल मला स्वतःचाच राग येत होता.

सिंदखेड राजाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. तिकडच्या शिस्तीप्रमाणे मोजून पावलं टाकली, त्रिकोण उभा केला आणि चाक खोलायला बसलो. तेवढ्यात एक बैलगाडी आली आणि त्रिकोणापाशीच थबकली. गाडीवान म्हातारा होता. खाली न उतरता तो तिथूनच म्हणाला, "साहेब, आमचं आपरेशन झालं हाय. गेल्या सालीच."

मला आधी काही उमगेना. मग आठवलं. जालन्यापासून येताना प्रत्येक शाळेच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा, टोक खाली केलेला लाल त्रिकोण पाहत आलो होतो. मी म्हणालो, "बाबा, मी त्या खात्याचा नाही. माझं चाक बसलंय."

तो उतरला, त्रिकोणाभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाला, "हां. म्हनूनच म्हनलं, उलटा काऊन लावला." मग त्याने बाभळीची एक फांदी तोडून माझ्या त्रिकोणाच्या मागे आडवी टाकली. "हे लोकायले समजते," म्हणाला आणि बैल हाकले.

साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाबा दारातच उभे होते. तहसिलीत कारकून म्हणून त्यांचा जन्म गेला. राज्यं बदलत गेली, पण एका खुर्चीवर बसून तीन राज्यांचे शिक्के मारले, असं ते नेहमी सांगतात. त्यांनी मला खालीवर पाहिलं, गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गोठ्याकडं घे."

गोठ्याची रस्त्याकडची भिंत पाडलेली होती. जमीन चोपून सारवलेली, गाय बाहेर लिंबाखाली बांधलेली. गाडी आत गेली ती अगदी मापात. मागे पत्रातून त्यांनी गाडीची लांबी-रुंदी विचारली होती, ती मला म्हाताऱ्याची चौकशी वाटली होती.

थोरला भाऊ शेत पाहतो, आणि आई गेल्यापासून घर वहिनी सांभाळते. तिने पातोड्या केल्या होत्या (बेसनाच्या वड्या, झणझणीत रश्शात सोडलेल्या), आणि गरम ज्वारीची भाकर. मी हावरटासारखा जेवलो. बाबा भाकर मोडत एकेक सांगत होते, की बुलढाण्याला यंत्रांचा कारखाना निघतोय, तिथल्या साहेबांशी माझ्या नोकरीचं बोलणं झालंय. मी मान डोलवत राहिलो. त्यांनी 'येतो'चा अर्थ कायमचा लावला होता, आणि एवढी भिंत पाडल्यावर मी तो कसा दुरुस्त करणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चष्मा लावून गाडीचे कागद मागितले. इंग्रजी त्यांना येतं, आणि शिक्के तर कुठल्याही भाषेतले कळतात. कार्नेचं पान न् पान उलटलं. प्रत्येक देशाला दोन रकाने, गाडी आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"मुंबईचा आत आल्याचा शिक्का हाय. हा दुसरा कोरा काऊन?"

"तो गाडी बाहेर गेली की मारतात."

"म्हंजे गाडी इथं राहू शकत नाही?"

"नाही. ठरलेल्या मुदतीत परत न्यावी लागते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अन् डायवरचं काय लिवलं हाय?"

"ड्रायव्हरचं काही लिहिलेलं नाही."

"मंग तो राहू शकते."

आता मागे सरायला जागा नव्हती. मी म्हणालो, "बाबा, मीपण जातो."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी पटकन म्हणाली, "भाऊजी, जातो म्हनू नका. येतो म्हना."

कागद जसे होते तसे लावून बाबांनी माझ्या हातात दिले आणि गाईला पाणी पाजायला गेले. पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी पीकपाण्याचं बोलले, कारखान्याचं नाही. त्यांनी रागावावं म्हणून मी वाट पाहत होतो.

निघायच्या दिवशी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "येतो."

"तोंडी येतो लय आयकलं," बाबा म्हणाले. "सरकारी कामात तोंडी चालत नाही." आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. पट्टीने रेघा मारलेल्या, टाकाने लिहिलेलं मोत्यासारखं अक्षर. वर माझं नाव. खाली तीन रकाने, आला, गेला, परत आला. पहिल्या दोहोंत तारीख आणि त्यांची सही. "गाडीच्या कागदात ठेव. चौकशीत दाखवता येते."

परत जाताना देऊळगावला बालाजीचं दर्शन मात्र घेतलं. काय मागावं ते सुचलं नाही.

परवा इथे जर्मनीत पोलिसाने गाडी थांबवली. परवाना, नोंदणी, विमा, पेटी, त्रिकोण, सगळं पाहिलं. मग बाबांचा हा कागद उघडला आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, याची मुदत कधीपर्यंत? मुदत लिहिलेली नाही, असं मी सांगितलं आणि ते खरंही आहे. मुदतीचा रकाना बाबांनी मुद्दामच ठेवला नसावा. पण त्यांची सत्तरी उलटली आहे, आणि मी रोज हिशेब करतो.

कालच वहिनीचं पत्र आलं. गोठ्याची भिंत परत घालून घ्यावी म्हणून थोरल्या भावाने गवंडी बोलावला होता. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.