उरणच्या खळ्यावरची नोटीस

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच पकडली. गिरगावातला माझा शेजारी वसंत उरणजवळच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेलाय, त्याला भेटायचं होतं. आमच्या चाळीतले लोक आधी कांदिवली-भांडुपला गेले, मग विरार-बदलापूरला, आता खाडी ओलांडून मिठागरांत. इकडे गिरगावातल्या शाळांना मुलं मिळेनात. शहर वाढतंय म्हणे! माझ्या देखत ते मधून पोकळ होत चाललंय.

वसंत तरी हौसेनं गेला नाही. चाळीच्या जागी इमारत झाली, तिथला खर्च झेपेना, त्यात नव्या शेजाऱ्यांनी बोंबील तळल्याच्या वासाची लेखी तक्रार केली. तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं.

मोऱ्याहून रिक्षा केली. टॉवरच्या कुंपणाला लागूनच खळं (मासळी सुकवायची शेणानं सारवलेली जागा) होतं. साठीची एक बाई जवळा पसरत होती. नाव हिराबाई. मला पाहून तिनं कमरेचा कागद काढला.

"दादा, वाचा जरा. पोरगा ट्रेलर घेऊन सुरतला गेलाय. वसंतभाऊंनी मागं वाचला, बोलले पानीपट्टीचा हाय. मंग आज पंचायतीचा मानूस टेप लावून काय मापून गेला?"

मी वाचला. दुर्गंधीमुळे खळं आठ दिवसांत हटवा, मुदत उद्यापर्यंत. सोबत सोसायटीचा अर्ज, त्यावर पहिली सही वसंतची. तिला सगळं वाचून दाखवलं, नावासकट.

"कालच जवला नेला की त्यांनी," ती म्हणाली.

वर वसंतच्या घरी वहिनींनी ताट वाढलं. भाकरी आणि जवळ्याची चटणी!

"अरे, सेक्रेटरी आहे मी. सही करावी लागते," वसंत म्हणाला.

"आणि तिच्याशी खोटं बोलावं लागतं? गिरगावात तुझ्या तव्याचा वास आला तेव्हा रडला होतास!"

"म्हणूनच. इथे तरी कुणी नावं ठेवायला नकोत."

चोर तो चोर, वर शिरजोर! मी भरल्या ताटावरून उठलो. वहिनींचं वाईट वाटलं, पण बसवेना.

हिराबाईच्या नावानं मुदतवाढीचा अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, पंचायतीत देऊन पोच घेतली. निर्णय कधी ते कुणी सांगेना.

परतीच्या लाँचवर वसंतचा फोन आला. "रागावलास?"

"हिराबाईनं निघताना विचारलं, तुमी गिरगावातून हिकडं सरकलात, आमी कुठं सरकू? म्होरं दर्या हाय. सांग, काय सांगू तिला?"

तो म्हणाला, "सही मागे घेता येते का, बघतो."

"बघतो काय? उद्या मुदत संपतेय!" मी इतक्या जोरात ओरडलो की लाँचवरची माणसं वळून बघायला लागली.