आत्याबाईंची सुतळी

माझ्या आत्यासासूबाईंनी माप म्हणून दिलेल्या सुतळीने मी सायकल एसटीच्या टपावर बांधून आणली. तरुणपणी मी अशी हुशार होते. आणि सुतळी कुणाची, तर जिने आयुष्यात मापाशिवाय लेकराची टोपीसुद्धा आणली नाही, त्या बाईची.

आत्याबाई धाड गावी आमच्याकडेच राहायच्या. कमरेला कायम सुतळीचं भेंडोळं खोचलेलं. चप्पल आणायची तर आधी लेकराचा पाय राखेत उमटवून घेणार. झबलं शिवायचं तर शिंप्याने बाळ स्वतः मांडीवर घेतल्याखेरीज कापड हातातून सोडणार नाहीत. एकदा भर बाजारात बाळाने त्याचं धोतर भिजवलं, तर म्हणाल्या, आता माप ध्यानात राहील. बाकी अख्खा गाव पोरांना वाढत्या अंगाचं घ्यायचा. आत्याबाईंना त्या शब्दाचाच राग. परकराच्या वयात त्यांचं लग्न झालं, तेव्हा सासरच्यांनी वाढत्या अंगाची म्हणून मोठी जोडवी घातली होती. चालताना ती गळायची, आणि बोलणी नवरीला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा. माझ्या धाकटीला सायकलचं वेड लागलं. आत्याबाईंनी तिला भिंतीशी उभी केली, टाचेपासून वर सुतळी धरली, गाठ मारली आणि मला बजावलं, "सीट या गाठीच्या वर नको. पाय भुईले टेकले पाह्यजे तिचे."

बुलढाण्याच्या दुकानात तेवढी एक बुटकी लाल सायकल होती. शेजारी उंच, हिरवी, मागच्या चाकाला जाळी लावलेली लेडीज सायकल. माझ्यातली संसारी बाई जागी झाली. लग्नापर्यंत पुरेल, असा हिशेब करून मी लालीकडे पाठ फिरवली. आज माझी नातवंडं मोठी झाली, तरी कुठे बुटकी लाल सायकल दिसली की माझे पाय थांबतात. टपावर बांधताना दोरी कमी पडली, तेव्हा कंडक्टरच्या हातात सुतळी दिली तीही मीच.

घरी आल्यावर आत्याबाईंनी सायकल बघितलीच नाही, सुतळी बघितली. टपावरच्या गाठी सोडवल्या, मापाची तेवढी ठेवली आणि पुन्हा कमरेला खोचली.

मग पोरगी रोज सायकल पुसायची, घंटी वाजवायची, उकिडवी बसून हातानेच पायडल फिरवायची. दिवेलागणीला आत्याबाई तिला सीटवर बसवून अंगणात फिरवायच्या. लोंबणारे पाय बघून मी म्हणायचे, पुरतील की हळूहळू.

पुरले. पोरगी हायस्कुलात गेली आणि कॅरिअरला दप्तर लावून, मागे न बघता निघाली. मी मोठ्या तोऱ्यात आत्याबाईंना विचारलं, गेली का सायकल वाया? ओट्यावर बसून त्या कमरेची ती जुनी गाठ चाचपत होत्या. रस्ता रिकामा झाल्यावर म्हणाल्या,

"सायकल तं कामी आली वं माय. पण जिले पाह्यजे होती ना, ते पोरगी केव्हाच निघून गेली."