बिळांचा वैरी

घणवाला मुलखाचा तापट. शिवी आधी, घाव नंतर. खाणीतल्या दगडात पक्ष्यांची तीनबोटी पावलं निघत, युगांपूर्वी चिखलात उमटून दगड झालेली. ती छिन्नीने तासून तो फरशी सपाट करी, त्यांच्याशी त्याचं भांडण नव्हतं. भांडण बिळांशी. कुठल्याशा जुन्या जनावरांनी उकरलेली, मग वाळूने भरून दगडात गडप झालेली बिळं. तिथे दगड कच्चा राहतो. अशाच एका बिळापाशी कडा सुटला आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा बाप चिरडला. तेव्हापासून बीळ दिसलं की हा घण घेऊन तुटून पडे. भुगा होईपर्यंत थांबत नसे. बायको म्हणायची, "मेलेल्यांना किती मारणार?"

आणि लेक निघाली नेमकी बिळं शोधणारी! काय म्हणावं नशिबाला! नोकरी संग्रहालयात, हातात ब्रश. त्या दिवशी ती कड्याच्या पायथ्याशी पालथी पडून वाळू झाडत होती.

"बाबा, बघा ना! बिळात आईचा सांगाडा आहे, कुत्र्याएवढा. पोटाशी पिल्लं!"

"ऊठ तिथून."

"थोडा वेळ द्या, अख्खं काढते."

"तुझा आजोबा खाल्ला यांनी! ऊठ म्हणतो ना!"

त्याने तिला दंडाला धरून फरफटत बाजूला फेकलं. कोपर सोलवटलं. ती उठली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली, बापाचीच लेक ती. त्याने हिसडा दिला आणि बिळावर घण घातला.

वर कड्यात कडकड झालं. पोरगी पळायची सोडून हाडांवर आडवी पडली. घणवाल्याने घण टाकून तिच्यावर झेप घेतली, आणि कडा कोसळला.

माणसांनी पहारी लावून दगड हटवले, तेव्हा तो गुडघ्या-कोपरांवर तसाच होता, रक्ताने माखलेला, कणा मोडलेला. खालची लेक धडधाकट. रडत त्याच्या छातीवर बुक्के मारत होती.

दवाखान्यात शुद्ध आली. पाय हलेनात. लेक उशाशी बसलेली.

"फोडलं का गं मी ते?"

"बिळातल्या आईची पाठ मोडली, बाबा. पिल्लं शाबूत आहेत."

त्याने चादर दातांत धरली आणि हमसून हमसून रडला. मग नाक पुसत गुरकावला, "खाणीवर निरोप धाड. त्या बिळाला कुणी घण लावला, तर तंगडं तोडीन म्हणावं!"