फेर्नांदच्या रांगेतला शेवटचा माणूस

आमच्या शार्लव्हाच्या डोंगरात हिवाळाभर दर शनिवारी फेर्नांद गान्यों शहरी कुटुंबांना जंगलात फिरवून आणते. सगळ्यांच्या पायांत बर्फावर चालायचे जाळीदार, रुंद जोडे. पुढे ती, शेवटी मी, ओनेझिम. माझं काम एकच, पडणं.

ते मला न मागता मिळालं. नाटक सोडून गावात परतलो, त्या हिवाळ्यात तिनं मला पाहुण्यांचं स्वागत करायला सांगितलं. मी भाषण ठोकलं, कमरेत वाकून अभिवादन केलं आणि रंगमंचावर जन्मभर घेतलं तसं एक पाऊल मागे घेतलं. पण या जोड्यांना मागे चालता येत नाही, त्यांचं शेपूट बर्फात रुततं. मी ताठच्या ताठ आडवा.

"बघितलंत?" फेर्नांद म्हणाली. "वळायचं तर गोल फिरून वळा. मागे पाऊल टाकलंत तर तुमचा ओनेझिम होईल."

तेव्हापासून दर शनिवारी पडतो. इतके राजे रंगवले, पण अशा टाळ्या एकाही राजाला पडल्या नाहीत.

फेर्नांदनं उमेदीची वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात घालवली. जोडे तिच्या नवऱ्यानं, आर्मांनं, लाकूड वाकवून हातानं बनवलेले. तो गेल्यावर दर पानगळीत ती त्यांना वार्निश लावते आणि तेव्हा कुणाशी बोलत नाही. रडणाऱ्या पोराला ती सशाची पावलं दाखवते, कुरकुरणाऱ्या बापाच्या तोंडात मेपलच्या साखरेचा खडा कोंबते. तिची खोड एकच. ताज्या बर्फात वाट तुडवणारा दमला की बाजूला होतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी लागतो, ही आमच्याकडची रीत. फेर्नांद कधीच बाजूला होत नाही. "पाहुण्यांना वाट तुडवायला लावू?" म्हणते.

गेल्या हिवाळ्यात, थंडी ओसरू लागली तेव्हा, तिचा मुलगा रेमी शहरातून आला, सोबत त्याची लेक मायवा. गाडीतून उतरताच सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, आज तुला धाप लागली तर हे सगळं बंद. वसंतात तू आमच्याकडे राहायला येतेस."

"बघ आणि ठरव," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ओनेझिम, आज नाटकं नकोत."

बर्फ गुडघाभर होता. चढावर ती थांबून थांबून सुतारपक्ष्याची भोकं दाखवू लागली. तिसऱ्या झाडाला भोकच नव्हतं. रेमीची नजर तिच्या खालीवर होणाऱ्या खांद्यांवर.

माझ्यानं राहवलं नाही. शेवटून धडपडत पुढे आलो आणि गर्जलो, "मंडळी, थांबा! या डोंगराची एक रीत ऐका!" रीत सांगितली, वाकलो, आणि सवयीनं मागे पाऊल. मागे फरच्या झाडाच्या बुंध्याभोवतीचा, भुसभुशीत बर्फानं झाकलेला खड्डा होता. वर राहिले फक्त माझे जोडे.

मला खणून काढायला बराच वेळ लागला. तोवर फेर्नांद ओंडक्यावर बसून हसत होती आणि तिचा श्वास जागेवर येत होता.

"ओनेझिमकाका, मुद्दाम पडलात ना?" रेमीनं विचारलं.

"कला आहे, बाळा," मी म्हणालो. कॉलरमधला बर्फ वितळत कमरेपर्यंत पोचला होता.

तो आईकडे वळला. "आई, बाजूला हो."

तिचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, पडदा पडला.

"काकांनी सांगितलेली रीत बाबांचीही होती ना? मग आता पाळी माझी."

रेमी पुढे झाला. दोन वळणं झकास गेला, तिसऱ्यावर कान लालबुंद, छातीचा भाता झालेला. मुकाट्यानं बाजूला सरला. त्याच्या शेजारून जाताना मायवा थबकली.

"बाबा, तुम्हाला धाप लागली?"

"हो गं."

"मग वसंतात तुम्ही आजीकडे राहायला येणार?"

सगळी रांग हसत सुटली. शेवटी रेमीही.

खाली झोपडीत वाटाण्याचं सूप पिताना तो वाडग्यातच बघत म्हणाला, "आई, पुढच्या शनिवारी वाट कोण तुडवणार?"

"सगळे, पाळीपाळीनं," फेर्नांद म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली. मग माझ्याकडे पाहिलं. "तू सोडून. तू शेवटीच. आणि पडण्याआधी मागे झाड आहे का बघत जा."