तिसऱ्यावाल्या चिमाचा कान

चिमानं चुलीतला लालबुंद विळा फडक्यानं धरून ओढला आणि सरळ पाण्याच्या हंड्यात खुपसला. चर्रर्र झालं, वाफ उठली.

"पाणी बाटवलंस गो माझं!" आनंदीबाई किंचाळल्या. "नातवाला डब्याचा आजार झालाय, श्वासागणिक पोट कसं उडतंय बघ. पोटावर डाग दिला की उतरतो. आमच्यात असंच करतात."

"करतात, नि मग पुरतात. सरा बाजूला."

भाट्याच्या खाडीत ओहोटीला चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार विकायच्या, हा चिमाचा धंदा. नवरा तारवावर गेला तो आलाच नाही. तिसरी तिसरीवर आपटून ऐकायची तिला सवय. जिवंत असली तर घट्ट वाजते, चिखल भरलेली असली तर बद्द. तोच कान ती माणसांच्या छातीला लावायची. रोज पडव्यापडव्यांत टेकायची, म्हणून कुठल्या घरात कोण कसा खोकतो ते तिला पाठ. लोक हसायचे, 'तिसऱ्यांची डाक्टरीण' म्हणायचे. म्हणू देत. त्यांचंच पोर खोकायला लागलं की हाक चिमालाच जायची.

आज हाक आली नव्हती. चिमा तिसऱ्या द्यायला आली होती, आणि पडवीत आनंदीबाईंचा नातू, दोन वर्षांचा विठू दिसला.

"आनंदीबाई, साधी सर्दी असली तर पोर शेंबूड गाळत खेळतं, जेवतं. डांग्या असता तर खोकून खोकून शेवटी लांब हूऽप केलं असतं, ओकला असता. दमा असता तर शिट्टी वाजली असती, तुमच्या दिराची वाजते तशी. ह्याचं बघा." तिनं अंगडं वर केलं. "श्वास घेतला की बरगडीखाली खड्डा पडतोय. नाकपुड्या फुलतायत. माझा एक श्वास होतो तवर ह्याचे तीन. मोजा!"

आनंदीबाईंनी मोजलं नाही. पदर मात्र तोंडाशी गेला.

"डबाच हाय, मी कुठं नाय म्हणते? पण तो पोटात नाय, छातीत हाय. पोट भाजून छाती कशी मोकळी होईल?"

"दवाखान्यात नेलेलं पोर परत येत नाय."

"शेवटच्या घटकेला नेता म्हणून येत नाय!"

विठूचा बापूस मुंबईला गिरणीत. आई, कमळा, सहा दिवसांची बाळंतीण. तिला उंबरा ओलांडायची बंदी. ती आतल्या खोलीच्या दारातून बोलली, "चिमा, ने त्याला."

"कमळे, तोंड सांभाळ!"

"पोर माझं हाय, आत्याबाई."

चिमानं टोपली तिथंच टाकली, पोराला उभं छातीशी धरलं आणि खाडीपार नेणाऱ्या होडीकडे, तरीकडे सुटली. तरीवाला केरू विडी ओढत बसला होता.

"चार माणसं जमू देत, मग सोडतो."

"मी एकटी चार हाय. सोड!"

"बरं बाय. पोराला आडवं तरी कर मांडीवर."

"आडवं केलं की कोंडतो. वल्हं मार, मेल्या, शहाणपण नको."

पलीकडे रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. उजवी बाजू भरली होती. न्युमोनिया. तेव्हा त्यावर हमखास औषध नव्हतं. शेक द्यायचा, चमच्यानं पाणी पाजायचं आणि पोराला टेकून बसतं ठेवायचं. चिमा त्याची उशी झाली. नवव्या दिवशी विठू घामानं चिंब भिजला, ताप उतरला आणि त्यानं पेज मागितली.

आनंदीबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. चिमाचं काय अडलं? परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्याच पडवीत टोपली उतरवली. "घेता का तिसऱ्या?"

नऊ दिवस तिला तिथं राहू कसं दिलं, हे कुणी विचारलंच नाही. बऱ्याच वर्षांनी एका म्हाताऱ्या कंपाउंडरानं केरूला सांगितलं, तेव्हा कळलं. पोराजवळ फक्त आईला राहता यायचं. दवाखान्याच्या बुकात विठूच्या आईचं नाव चिमा असं लिहिलंय, आणि शेजारी तिचा अंगठा.