साकोलीच्या वाइन स्पर्धेतले न बोलावलेले पाहुणे

आम्ही कमिटीवाले वर्षातून एकदा स्पर्धा घेतो आणि उरलेलं वर्ष तिचे किस्से सांगत बसतो. कुणाच्या घरी बारसं असो की हॉटेलात नुसता चहा, दोघं-तिघं जमले की कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, त्या वर्षी ते झालं होतं ना!’ ऐकणारे आधी हसतात. मग हळूच खुर्ची पुढे ओढतात. मग म्हणतात, ‘खरं का?’

आता खरं काय आणि खोटं काय, ते मला विचारू नका. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. वाइनमध्ये अल्कोहोल किती, आंबटपणा किती, हे मोजण्यापुरतं मला कमिटीत घेतलंय. बाकी जे घडतं ते मोजायचं उपकरण आमच्या लॅबमध्ये नाही.

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. इथं कुणी द्राक्षाची वेल लावली की शेजारचे येऊन विचारायचे, “काहून गा, डोक्स फिरलं काय?” तरी काही लोकांनी लावल्या. कुणी जांभळाची वाइन केली, कुणी मोहाची. पण नाव नाही, तर घेणार कोण? म्हणून रामटेके सरांनी ही स्पर्धा काढली. सर बँकेतून रिटायर्ड. हायवेला लागून असलेलं एक मंगल कार्यालय ठरवायचं, बाहेरून दोन जज बोलवायचे, आणि ज्याला मेडल मिळेल त्याची बाटली नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या रिसॉर्टवाल्यांसमोर ठेवायची. साधा हिशोब!

जज ठरलेले. नाशिकच्या गायत्री मॅडम, ज्यांचं अख्खं आयुष्य वाइनमध्ये गेलं, आणि नागपूरचे हॉटेलवाले चोप्रा साहेब. माइकवर आमचे निखारे भाऊ. त्यांचं हातमागाच्या कापडाचं दुकान आहे. बाटली कुणाची हे जजना कळू नये म्हणून तिला घालायच्या नंबरवाल्या पिशव्याही त्यांच्याच दुकानातल्या कापडाच्या.

एवढी ओळख पुरे. आता ऐका.

* * *

पहिलंच वर्ष. वाइन ओतायला बचत गटाच्या बायका होत्या. टेबलावर जज दोन, आणि ग्लास ठेवले तीन!

रामटेके सरांनी एक ग्लास उचलून परत दिला. पुढच्या बाटलीला दुसरी बाई आली. तिनंही तीनच ठेवले. त्यानंतर तिसरी आली, तिनंही तेच. सर चिडले. “अवो, दोन माणसं मोजता येत नाई काय तुमाले?”

त्यांच्यातल्या संगीताबाई म्हणाल्या, “दोन कुठं सर? ते दुपट्टेवाले बाबाजी बसून रायले न तिथं.” आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

चोप्रा साहेबांनी आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली. सर मात्र तसल्या गोष्टींना भीक घालणारे नव्हेत. “मी बुद्धाला मानतो, भुताला नाही!” असं म्हणून ते स्वतःच जाऊन त्या खुर्चीवर बसले. “आता दिसते काय कोनी? ठेवा ग्लास!”

संगीताबाईंनी मान डोलावली, आत गेल्या आणि ट्रे घेऊन आल्या.

ट्रेमध्ये चार ग्लास होते.

* * *

स्पर्धेआधी आम्ही एकेकाचं काम बघायला जातो. नागझिऱ्याच्या जंगलाच्या काठावर सुखदेवभाऊ म्हणून आहेत, ते जांभळाची वाइन करतात. घराच्या मागच्या खोलीत प्लास्टिकचे मोठे कॅन ओळीनं ठेवलेले, प्रत्येकाच्या तोंडाला नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. वाइन आंबत असली की पाण्यात बुडबुडे येतात. सगळ्या खोलीत नुसती बुडुकबुडुक चाललेली. मी त्यांना यीस्टबद्दल काहीतरी समजावत होते.

बोलता बोलता लक्षात आलं की फक्त माझाच आवाज येतोय. बुडबुडे थांबले होते. एकाच कॅनचे नव्हे, सगळ्यांचे, एकदम!

मी म्हटलं, “तापमान उतरलं असेल.” जूनची दुपार होती, माझ्याच पाठीवरून घाम वाहत होता.

सुखदेवभाऊंनी दार लावून कडी घातली. “बसा जी जरासं. आला वाटते.”

“कोण आला?” सरांनी विचारलं.

“बोलू नोका, सर.”

आम्ही बसलो. बाहेर काही म्हणजे काही आवाज नाही. कोंबड्या गप्प, कुत्रं गप्प. सरांना खोकला येत होता, तो त्यांनी रुमालात दाबून धरला. किती वेळ गेला कोण जाणे! मग कोपऱ्यातल्या एका बाटलीत एक बुडबुडा आला. त्याच्या शेजारी दुसरा आला आणि पुन्हा सगळी खोली बुडबुडू लागली. सुखदेवभाऊंनी कडी काढली. “गेला. चला, आता च्या पिऊ.”

दाराबाहेरच्या मऊ मातीत पंजे उमटलेले होते. तळहातापेक्षा मोठे.

रामटेके सरांनी दाराबाहेर काढलेली एक चप्पल कुंपणाजवळ सापडली. दुसरी अजून सापडलेली नाही!

* * *

चोप्रा साहेबांना तुम्ही कधी भेटलात तर एक गंमत बघा. हा माणूस पाण्याची बाटली उघडली तरी आधी दोन थेंब जमिनीवर सांडतो. नागपूरच्या त्याच्या चकचकीत हॉटेलातही, गालिच्यावर!

त्याचं कारण एक मोहाची वाइन. बाटली देणाऱ्यानं देताना बजावलं होतं, “पयले झाडाच्या नावानं थोडीशी खाली टाका जी, मंगच प्या.” निखारे भाऊ घाईत होते, ते सांगायला विसरले.

चोप्रा साहेबांनी ग्लास उचलला आणि त्याचा तळ गळून पडला. अगदी सुरीनं कापल्यासारखा. दुसरा ग्लास आणला. त्याचाही तळ गेला. साहेबांचा पांढरा शर्ट मोहानं भिजला. गायत्री मॅडम म्हणाल्या, “ग्लासच खराब असतील.” त्यांनी आपल्या पर्समधून मऊ कापडात गुंडाळलेला स्वतःचा ग्लास काढला, परदेशातून आणलेला, त्यांचा फार लाडका. त्यात जेमतेम घोटभर ओतली असेल. टक्!

तेव्हा निखारे भाऊंना आठवलं. बाटली घेऊन ते पळत अंगणात गेले, झाडाखाली धार सोडली आणि हात जोडून परत आले. मग कार्यालयातल्या स्टीलच्या पेल्यात ओतली, आणि सगळं ठीक झालं.

“कैसी है?” निखारे भाऊंनी घाबरत विचारलं.

चोप्रा साहेब पेला दोन्ही हातांनी धरून बसले होते. म्हणाले, “भाई, मेडल दे दो. पूछो मत!”

* * *

चिखल्याचे वासनिक काका मॅंगनीजच्या खाणीत नोकरी करून रिटायर झाले. उताराची थोडी जमीन होती, तिथं द्राक्षं लावली. त्या जमिनीच्या खाली फार जुनं, बंद झालेलं काम आहे, म्हणजे खाणीचे बोगदे. स्पर्धा आटोपल्यावर गायत्री मॅडमना घेऊन आम्ही बाग बघायला पोचलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती, पण ऊन होतं अजून.

सगळी बाग तापलेली, पण मधली एक ओळ थंड. त्या ओळीत पाय टाकला की तळव्याला गारवा लागायचा. काका म्हणाले, “ह्या ओळीचे द्राक्षं मी वेगळे तोडतो. उशिरानं पिकते, पन चव पाहा.” चव खरोखर वेगळीच होती. गायत्री मॅडमनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

तेवढ्यात पायाखाली धप् धप् असं सुरू झालं. आवाज म्हणावा तर नाही, नुसतं तळपायांना कळत होतं.

सर म्हणाले, “खाली ब्लास्टिंग असेल.”

“इथलं काम माह्या बापाच्या टायमात बंद झालं, सर,” काका म्हणाले. त्यांनी उन्हाकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “चला, बाजूला व्हा जी. रस्ता द्या. शिफ्ट सुटली.”

आम्ही सगळे ओळीतून बाजूला झालो. सगळ्यात आधी रामटेके सर! वारा नव्हता. तरी त्या एका ओळीची पानं वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत हलत गेली, माणसं अंग घासून गेली की हलतात तशी. काका टोपी हातात धरून उभे होते. मधेच एकदा त्यांनी कुणाला तरी मान लववली.

त्या ओळीच्या वाइनला पुढच्या वर्षी रौप्यपदक मिळालं. काका ती ‘दुसरी पाळी’ या नावानं विकतात. रिसॉर्टवरचे पाहुणे विचारतात, “नाव छान आहे, कसं सुचलं?”

काका म्हणतात, “सुचलं नाई जी. त्याइचंच हाय.”

* * *

आणि हा एकोडी गावचा. हा मी सहसा शेवटी सांगते, कारण यानंतर कुणी दुसरा किस्सा काढत नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारची वेळ, स्पर्धा ऐन रंगात. एका बाटलीतली वाइन गायत्री मॅडमनी तोंडात घेतली. जज लोक घोट फिरवून बाजूच्या भांड्यात थुंकतात, पण मॅडमनी तो गिळला आणि मागे वळून मागच्या दाराकडे पाहिलं.

“कुसुम कोण?”

कुणालाच कळेना. बचत गटात कुसुम नव्हती, कमिटीत नव्हती. मॅडम म्हणाल्या, “आत्ता कुणीतरी हाक मारली ना? पुरुषाचा आवाज होता.”

“मॅडम, कोई नहीं बोला,” चोप्रा साहेब म्हणाले आणि त्यांनी आपला ग्लास ओठांना लावला. त्यांचा हात तिथंच थांबला. तेही त्याच दाराकडे बघायला लागले. “अरे, कुसुम कौन है? बुला रहे हैं उसको.”

मी त्या बाटलीतली थोडी चाचणीसाठी घेतली होती. माझे आकडे अगदी साधे आले. मी स्वतः घोट घेतला नाही. माझी हिंमत झाली नाही.

दोघांनीही सगळ्यात जास्त गुण त्याच बाटलीला दिले. कापडी पिशवी काढली. प्रवेशिका होती मनोहर शेंडे, एकोडी यांच्या नावावर. आम्हाला हायसं वाटलं. कुसुम नाही, बिसुम नाही!

बक्षिसाच्या वेळी निखारे भाऊंनी माइकवरून नाव पुकारलं. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, अंगानं किडकिडीत, पदर खोचलेला. स्टेजवर येऊन त्यांनी सगळ्यांना जय भीम केला.

“मनोहरभाऊ काहून नाई आले?” निखारे भाऊंनी विचारलं.

“ते वारले जी दिवाळीत. मी त्याइची घरची. कुसुम.”

गायत्री मॅडमच्या हातात ट्रॉफी होती. ती त्यांनी परत टेबलावर ठेवली.

कुसुमताई आपल्या बोलत होत्या. मनोहरभाऊंना पोळ्याच्या सुमारास लकवा आला आणि वाचा गेली. शब्द म्हणून एक फुटत नव्हता. रोज दुपारी हट्टानं वाइनच्या टाकीजवळ खुर्ची ठेवायला लावायचे आणि टाकीला तोंड लावून नुसते ओठ हलवत बसायचे. “मी इचारो, कोनासंगं बोलून रायले जी? तं टाकीले थोपटत.” ते गेल्यावर दीर मागे लागले, वेली उपटा, बांध घालून बांध्या करा, धान लावा. “मी म्हनलं, येक डाव स्पर्धेत ठेवून पायतो. नाई जमलं तं उन्हाळ्यात काढून टाकू.”

गायत्री मॅडमनी त्या बाटलीतली वाइन एका ग्लासात ओतली आणि त्यांच्यासमोर धरली.

“मी नाई घेत जी. कदीच चाखली नाई.”

“एकच घोट घ्या, ताई,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच घ्यायला पाहिजे.”

एकोडीच्या त्या वेली आजही उभ्या आहेत. रिसॉर्टवाले आता स्वतः गाडी घेऊन गावात जातात, दीरही बागेत राबतात. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी कुसुमताईंनी ग्लास तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि मागच्या दाराकडे वळून पाहिलं. त्या दचकल्या नाहीत. स्वयंपाकघरातून अंगणातल्या नवऱ्याला द्यावी तशी त्यांनी ओ दिली.

“हव जी, आली!”

ग्लास माझ्या हातात दिला, पायऱ्या उतरल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. एवढे लोक बसलेले, पण एकजणही जागचा हलला नाही. बाहेर कार्यालयाचं रिकामं आवार, भिंत आणि ऊन, दुसरं काही नाही. रामटेके सर बसल्या जागी आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते.

थोड्या वेळानं त्या आत आल्या. पदरानं कपाळ पुसलं, पायऱ्या चढून वर आल्या, ट्रॉफी उचलली आणि कडेवर पोर घेतात तशी घेतली. चेहरा एकदम शांत.

मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, “काय म्हणाले?”

“काई नाई जी,” त्या म्हणाल्या. “ऊन वाढून रायलं, वेलीले पानी सोडा म्हनत होते.”