शेजारच्या खाटेवालीचा नवरा

माझ्या बायकोच्या शेजारच्या खाटेवर जी बाई होती, तिच्या नवऱ्याएवढा भांडखोर माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. मी अमरावतीचा, तो नांदगाव खंडेश्वरचा, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. ओळख झाली अकोल्याच्या दवाखान्यात, बायकांच्या वार्डाबाहेरच्या व्हरांड्यात. चहा पातळ म्हणून तो चहावाल्याशी भांडे, आणि घट्ट दिला तर "आज काय सोयरे येऊन राहिले काय तुह्याकडं?" म्हणून भांडे. डॉक्टरले म्हणे, "कागद काय पाहता साहेब, बाई पाहा!" स्ट्रेचरच्या वाटेवर कोणी पाय पसरले की हा डाफरलाच, "उठ, तुह्या बापाचा ओटा हाय काय?" माझेही पाय त्यानं असेच उचलायले लावले, तिथून दोस्ती. त्याचा डबा उघडला की पहिली भाकर माझ्या बायकोले. तिनं अर्धी ठेवली तर तिच्याशीही भांडण, "भाभी, एवढ्यावर चिमणी तरी जगन काय?" ती हसे. त्या दिवसांत तिले हसवणारा तो एकच. मले ते कधी जमलं नाही.

दुपार कलली की तो कोपऱ्यात, स्ट्रेचरची वाट सोडून, भिंतीले लागून दुपट्टा अंथरे आणि नमाज पढे. मशीद जवळच होती, पण तिथून वार्डातली हाक ऐकू येत नव्हती, आणि त्याच्या बायकोचा श्वास कधी अडकेल याचा भरवसा नव्हता. बाजूच्या खिडकीत कोणी गणपतीचा फोटो ठेवला होता, सकाळी तिथं उदबत्ती लागे. कोणाचं कोणाले काही नव्हतं.

मग एक दिवस, तो नमाजात असताना, सासूले पाहायले आलेला एक जावई त्याच्यापुढं मोबाईल धरून उभा राहिला. "हा दवाखाना हाय, मशीद नाही! उठवा याले!" गर्दी झाली. दुसरीकडून दोघंतिघं बाह्या सारत आले, "हात तं लावून पाहा!" दरवान मधात सापडला. मी म्हणालो, "वाट मोकळी हाय. त्याचं होऊ दे, मंग बोल काय बोलायचं ते."

"बाबा, तुमी हिंदू असून असं बोलता?"

"माही बायको आत मरून राहिली. मले आत्ता ते सुचत नाही."

आणि तो भांडखोर माणूस? हात बांधून, नजर खाली, खांबासारखा उभा. कान तेवढे लाल. एवढं होऊनही तो हलला नाही याचंच मले भेव वाटून राहिलं होतं.

तेवढ्यात आतून माझ्या बायकोची उलटी ऐकू आली. मी गर्दीत अडकलेला. तो मात्र नमाज तोडून धावला, जावयाले खांद्यानं बाजूले सारलं आणि तिचं डोकं हातावर धरलं. मी पोचलो तेव्हा तो तिच्यावरच खेकसत होता, "भाभी, घाबरायचं नाही!"

हात धुऊन बाहेर आला. जावई म्हणाला, "झालं ना आता?"

"कायचं झालं? तुटली. पयल्यापासून करा लागते. तू मोबाईल चालू ठेव, आता नीट निघन."

कोणीतरी हसलं आणि गर्दी सैल झाली. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा हुकूम आला की व्हरांड्यात पूजा नाही, नमाज नाही, काहीच नाही. गणपतीही गेला. मले वाटलं आता हा दवाखाना डोक्यावर घेतो. त्यानं मुकाट्यानं दुपट्टा घडी केला. "भाऊ, मले हाकलून देल्लं तर तिच्यापाशी कोण राहीन? मी खाली गाड्यांपाशी पढतो. काही झालं तर तू हाक मारजो."

बरेच दिवस हाक मारायचं काम पडलं नाही.

माझी बायको गेली तीही दुपारच होती. सिस्टरनं चादर वर ओढली आणि मी खाली उतरलो. तो दोन स्कुटरांच्या मधात, वाकलेला. हाक मारली असती तर तोडून आला असता, मले माहीत होतं. मी मारली नाही. आता घाई कायची होती? एक जण मोटरसायकल काढत होता, त्याले हातानं थांबवलं, आणि त्याची नमाज पुरी होईस्तोवर मी मागं उन्हात उभा राहिलो.